नोकरी-शेती सांभाळून लेफ्टनंट : प्रादेशिक सेनेच्या अधिकारी भरतीचं परीक्षण

विदर्भातल्या गावात ‘टीए’ (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना) म्हटलं की लोकांना जवानांचा भरती मेळावा आठवतो. रात्रीच येऊन रांगेत बसलेली पोरं, पहाटेची धाव, छातीचं माप. याच सेनेत अधिकारी म्हणून जायची वेगळी वाट आहे आणि ती कमावत्या पदवीधरांसाठीच ठेवलेली आहे, हे तालुक्याच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं. वयाची अट १८ ते ४२. तिशी उलटल्यावर ‘आता वर्दी नशिबात नाही’ म्हणून गप्प बसलेल्या शिक्षकाला, कृषी सहायकाला, दूध संकलन केंद्र चालवणाऱ्याला हा दरवाजा अजून उघडा आहे.

हे परीक्षण त्या वाटेचं आहे : अर्ज भरण्यापासून खांद्यावर दोन तारे लागेपर्यंत. निकाल आधीच सांगतो. योजना उत्तम आहे, निवड नियमित सैन्याच्या तोडीची आहे. पण तिची कागदपत्रं पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहेत. गावाकडचा उमेदवार परीक्षेत पडण्याच्या आधी कागदात पडतो, आणि ते टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्त वाईट वाटतं.

पहिल्यांदा काय मिळतं ते. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं औपचारिक उद्घाटन झालं. कल्पना अशी की, नागरिकानं आपला कामधंदा करावा, दरवर्षी ठरावीक काळ सैनिकी प्रशिक्षण घ्यावं आणि देशानं बोलावलं की वर्दी चढवावी. निवड झालेल्याला राष्ट्रपतींकडून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, मिळते आणि हुद्दा थेट लेफ्टनंटचा. पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण. पहिल्या वर्षासकट दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक शिबिर. शिवाय पहिल्या दोन वर्षांच्या आत तीन महिन्यांचं कमिशनोत्तर प्रशिक्षण. म्हणजे पहिली दोन वर्षं मिळून साधारण आठ महिने घराबाहेर. हा आकडा घरी स्पष्ट सांगूनच अर्ज भरावा.

पगार सेवेवर बोलावलेल्या काळाचाच मिळतो. त्या काळात लेफ्टनंटला नियमित सैन्यातल्या लेफ्टनंटइतकंच : सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर ५६,१०० रुपये मूळ वेतन, १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन, वर महागाई भत्ता आणि इतर. कॅन्टीन, वैद्यकीय सोय, सगळं त्या काळापुरतं. घरी परतल्यावर यातलं काही नाही. पेन्शनचंही तसंच. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी प्रत्यक्ष सेवेची एकूण २० वर्षं भरावी लागतात. वर्षाला शिबिराचे दोनच महिने धरले तर ती भरायला १२० वर्षं लागतील. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवाकाळ आणि ठरलेल्या अटी पूर्ण झाल्या की मिळते, पुढे कर्नल आणि ब्रिगेडियर निवडीनं. म्हणून जाहिरातीतच स्पष्ट लिहिलेलं असतं की हे पूर्णवेळ करिअर नाही. ज्याला पक्की सरकारी नोकरी हवी आहे, त्यानं एमपीएससीचा अभ्यास सोडून इकडे येऊ नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ‘वर्षातून दोन महिने’ ही किमान मर्यादा आहे. ६ मे २०२५ रोजी केंद्रानं प्रादेशिक सेना नियम १९४८ च्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना हे दल बोलावण्याचे अधिकार दिले. त्या आदेशात ३२ पैकी १४ पायदळ पलटणी वेगवेगळ्या कमांडमध्ये सेवेत घेण्याची तरतूद आहे आणि मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. काश्मीर आणि ईशान्येतल्या कामावर या पलटणी वर्षानुवर्षं असतात. तेव्हा एखाद्याला सलग दोन-तीन वर्षं बाहेर राहावं लागलं तर ते नेमणुकीत अभिप्रेतच आहे. घरी एकटाच कर्ता असेल तर हा विचार अर्जाआधी करायचा.

आता कागद. अट आहे ती पदवी आणि ‘लाभदायक रोजगार’. नियमित सैन्य, पोलीस, निमलष्करी दलातले लोक बाद. सरकारी नोकराला खातेप्रमुखाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. खासगी नोकराला मालकाचा दाखला. स्वतःचा धंदा असणाऱ्याला व्यवसायाचं स्वरूप आणि सर्व मार्गांचं वार्षिक उत्पन्न सांगणारं प्रतिज्ञापत्र, पॅन कार्ड आणि आयकर विवरणपत्र.

शेती करणाऱ्या पोराचं घोडं नेमकं इथं अडतं. वावर कसतो तो, पण सातबारा बापाच्या नावानं, नाहीतर चार काकांचं सामाईक खातं. कागदावर त्याची कमाई शून्य. यावर उपाय आहेत, फक्त त्यांना वेळ लागतो. घरात सहमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं. त्यानंतर तलाठ्याकडे फेरफार, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. कुठं काही अडलं नाही तरी दोन महिने हाताशी ठेवावेत. अर्जाची खिडकी साधारण महिनाभरच उघडी असते, त्यामुळे जाहिरात आल्यावर तलाठी कार्यालय गाठून उपयोग नाही. मक्त्यानं किंवा बटईनं वावर करत असाल तर तोंडी व्यवहार चालत नाही, भाडेपट्टा नोंदणीकृत हवा. दूध, कुक्कुटपालन, कृषी सेवा केंद्र, ट्रॅक्टर भाड्यानं देणं असा जोडधंदा असेल तर उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती ऑनलाइन होते आणि फुकट असते.

आयकराबद्दल गावात ठाम गैरसमज आहे : शेतीला कर नाही, मग विवरणपत्र कशाला? शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे खरं, पण ते विवरणपत्रात दाखवता येतं आणि दाखवलं की तोच उत्पन्नाचा पुरावा होतो. शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म भरून देणारे पुष्कळदा घाईत सगळ्यांना पहिलाच फॉर्म भरून देतात, त्यावर लक्ष ठेवावं. प्रतिज्ञापत्राचा नमुना जाहिरातीबरोबर येतो तसाच्या तसा वापरावा. त्यात दंडाधिकाऱ्यासमोर असं लिहिलेलं असेल तर नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नका. नमुन्यात जो दंडाधिकारी लिहिला असेल त्याच्याकडेच जा.

कागदाच्या बाबतीत या व्यवस्थेला पाचपैकी दोनच गुण देतो. कोरडवाहू दहा एकर सांभाळणाऱ्या पदवीधराकडे जबाबदारी, माणसं आणि पैसा हाताळायचा अनुभव कार्यालयातल्या कारकुनापेक्षा कमी नसतो. पण त्याच्यासाठी वेगळा, सरळ नमुना कुठेच नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि पीक पाहणीची नोंद एवढ्यावर हे काम व्हायला हवं.

अर्ज ऑनलाइन असतो. २०२५ च्या जाहिरातीत शुल्क ५०० रुपये होतं आणि जागा १९, त्यातल्या १८ पुरुषांसाठी आणि एक महिलांसाठी. महिलांना हा मार्ग खुला असल्याचं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. त्याआधी २०१६ मध्ये शिल्पी गर्गमुख या विभागीय पलटणीतून (सरकारी उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांची पलटण) पहिल्या महिला अधिकारी झाल्या होत्या. एवढ्या वर्षांनंतर एकच जागा ही फार कंजूष तरतूद आहे. अंगणवाड्या, बचत गट, ग्रामपंचायती चालवणाऱ्या बायका ज्या भागात जागोजागी आहेत, तिथल्या मुलींना हा आकडा दाखवताना अवघड वाटतं.

फॉर्ममध्ये दोन चुका हमखास होतात. पहिली नावाची. महाराष्ट्राच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, पदवीवर कधी आईचं नावही असतं. जन्मतारीख आणि नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा. आधार आणि पॅनवरचं स्पेलिंग त्याच्याशी जुळत नसेल तर अर्जाआधी दुरुस्त करा. दुसरी चूक ई-मेलची. सायबर कॅफेवाला सवयीनं स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल टाकतो. प्रवेशपत्र, मुलाखतीचं बोलावणं, सगळं तिकडे जातं आणि उमेदवाराला पत्ताच लागत नाही. स्वतःचा ई-मेल, स्वतःचा नंबर, आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत घरी.

लेखी परीक्षा या सगळ्यात सोपी. प्रश्न वस्तुनिष्ठ, विषय चार : तर्कबुद्धी, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी. गणित दहावीच्या पातळीचं : शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, क्षेत्रफळ-घनफळ. तरीही चांगली पोरं पडतात, कारण प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के अशी दुहेरी अट असते. गणितात कितीही मिळवा, इंग्रजीत ४० भरले नाहीत तर खेळ संपला. वर चुकीच्या उत्तराला गुण कापतात. समजा एक भाग ५० गुणांचा आहे आणि चुकीला अर्धा गुण जातो. २६ बरोबर आणि १४ चूक म्हणजे २६ वजा ७, उरले १९. पास व्हायला हवे २०. तेच १४ पैकी निव्वळ अंदाजाचे सहा प्रश्न सोडून दिले असते तर २२ झाले असते. मराठी माध्यमातल्या उमेदवारानं तयारीचा अर्धा वेळ इंग्रजीला द्यावा, तोही व्याकरणाच्या नियमांपेक्षा उतारे वाचण्यात, चुका ओळखण्यात आणि शब्दसंग्रहात. यासाठी हजारो रुपयांचा क्लास लावायची गरज नाही. सीडीएस (नियमित सैन्यात अधिकारी होण्यासाठीची परीक्षा) परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्यातला इंग्रजीचा भाग सोडवता आला तर इथं अडचण येत नाही.

लेखी पास झालेल्यांना प्राथमिक मुलाखत मंडळ बोलावतं. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी ते पुण्याला, दक्षिण कमांडच्या प्रादेशिक सेना गट मुख्यालयात. गोंदिया, भंडारा, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव या पट्ट्यातल्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस सरळ पुण्याला नेते. गडचिरोली, यवतमाळच्या आतल्या गावांना मात्र आधी एसटीनं रेल्वे गाठावी लागते, म्हणून एक दिवस आधी पोचायचं नियोजन करा. मूळ कागद इथं तपासले जातात आणि वर सांगितलेल्या सगळ्या त्रुटी इथंच उघड्या पडतात.

मुलाखतीचा गाभा एकच असतो : हा माणूस खरंच दोन्हीकडे उभा राहू शकेल का? दोन महिने गेलात तर दुकान कोण चालवेल, शाळेत बदली शिक्षक कोण, मालक सोडेल का, अशा दिशेचे प्रश्न धरून चाला. इथं ‘देशसेवेसाठी सगळं सोडायला तयार आहे’ असं उत्तर घोकून जाणारे फसतात, कारण सगळं सोडणारा माणूस या सेनेला नकोच आहे. भाऊ वावर बघेल, ठोक्यानं माणूस लावला आहे, मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे, असं ठोस सांगता आलं पाहिजे. नोकरदारांनी प्रादेशिक सेना कायद्यातलं कलम ७ वाचून जावं. सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला रजा देणं आणि परतल्यावर पुन्हा कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य त्यात सांगितलं आहे. बुटीबोरीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या मालकाला हे माहीत नसतं. त्याला आधीच समजावून सांगितलं तर दाखला देताना तो कुरकुरत नाही.

यानंतर एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत. पाच दिवस, नियमित सैन्याच्या अधिकाऱ्यांची होते तीच निवड, केंद्र भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू किंवा कपूरथळा. भोपाळ मिळालं तर आपल्याला सोयीचं, नागपूरहून गाड्यांना तोटा नाही. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणं, सांगणं, गटात चर्चा करणं. यातच निम्म्याहून अधिक घरी जाऊ शकतात. चित्र ३० सेकंद दिसतं आणि ते मुद्दाम धूसर असतं. जे दिसलं त्यावर कृती असलेली साधी गोष्ट लिहावी. गटचर्चेत आरडाओरडा करणारा पुढे जातो हा समज चुकीचा. गप्प बसणारा मात्र नक्की मागे पडतो, आणि गावाकडच्या हुशार पोरांचं नुकसान या गप्प बसण्यानंच होतं. इंग्रजी अडखळलं तरी मुद्दा पूर्ण करायची सवय महिनाभर रोज चार मित्रांत बसून लावता येते.

दुसऱ्या टप्प्यात मानसशास्त्रीय चाचण्या : १२ चित्रांच्या गोष्टी, ६० शब्दांवर प्रत्येकी १५ सेकंदांत वाक्य, ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर प्रतिक्रिया, शेवटी स्वतःचं वर्णन. बाजारातल्या पुस्तकांतली गुळगुळीत वाक्यं पाठ करून लिहिली की चाचणी आणि मुलाखत यांचा मेळ बसत नाही. मैदानावरची कामं ही मात्र आपल्या उमेदवाराची ताकद आहे. फळी, बल्ली, दोर आणि एक ओझं घेऊन गटानं अडथळे पार करायचे, लाल रंगाला कुणाचा स्पर्श होता कामा नये. बैलगाडी चिखलातून काढणं, विहिरीवर मोटर उतरवणं अशी कामं ज्यानं केली आहेत त्याचे हात इथं आपोआप चालतात, फक्त करताना तोंडानंही सांगावं लागतं. वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं, जास्त गुणांचे आधी करा. तीन मिनिटांच्या भाषणासाठी कार्डावरच्या विषयांतून एक निवडायचा असतो. कापूस, सिंचन, वाघ आणि माणूस, अशा आपल्या विषयांवर आकड्यांसकट बोलायची तयारी ठेवली तर त्यातलं काही ना काही उपयोगी पडतंच.

निवड झाली की वैद्यकीय तपासणी. इथं विदर्भाला खास शत्रू आहे तो खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. सैन्याच्या निकषानुसार दातांचे किमान १४ गुण लागतात. पूर्ण ३२ दातांचे २२ होतात, पुढच्या दाताला एक, दाढेला साधारण दोन. खर्ऱ्यानं दाढा किडल्या, हिरड्या सरकल्या, तोंड पूर्ण उघडेनासं झालं तर एसएसबी जिंकलेला माणूस दातांवर पडू शकतो. तोंड आखडणं हा बरा व्हायला अतिशय अवघड आजार आहे, त्यामुळे खर्रा सोडायचा दिवस फॉर्म भरण्याच्या आधीचा असावा. सिकलसेलची तपासणीही आधीच करून घ्यावी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या पट्ट्यात तो आजार जास्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. याशिवाय वारंवार आडवं येतं ते : सपाट तळपाय, गुडघ्याला गुडघा घासणं, मूळव्याध, हायड्रोसील, नाकाचं वाकडं हाड, रंगांधळेपणा, उंचीच्या मानानं जास्त वजन. यातली मूळव्याध, हायड्रोसील, नाकाचं हाड यांसारखी दुखणी शस्त्रक्रियेनं आधी दुरुस्त करता येतात, पण जखम भरून निघायला काही महिने द्यावे लागतात. अपात्र ठरवलं तर अपील करता येतं, मुदत साधारण ४२ दिवसांची, तेव्हा कागद घेऊन घरी रुसून बसू नये.

कमिशन मिळाल्यावर नेमणूक मिळेल त्या पलटणीत. सीताबर्डीच्या किल्ल्यात ग्रेनेडियर्सची ११८ वी प्रादेशिक पलटण आहे म्हणून नागपूरलाच राहायला मिळेल, अशा आशेवर कुणी राहू नये. नेमणूक देशात कुठेही होते. शिबिराच्या तारखा पलटण ठरवते. त्या कधी सोयाबीनच्या सोंगणीत येतील, कधी पूर्व विदर्भातल्या धानाच्या रोवणीत. हंगामात मजुरांची जमवाजमव कोण करणार, पीक कर्जाच्या नूतनीकरणावर सही कोण करणार, हे आधी ठरवून ठेवा. कर्जखातं आणि सोसायटीचं सभासदत्व ज्याच्या नावावर आहे तोच शिबिरात असेल तर घरच्यांना बँकेच्या फेऱ्या पडतात, म्हणून मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवणं शहाणपणाचं.

एक घोळ इथं सांगून टाकतो. कामठीला एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे, तिथून प्राध्यापक आणि शिक्षक सहयोगी एनसीसी अधिकारी होऊन येतात. त्यांचं काम मोलाचं आहे, पण ते कमिशन एनसीसीचं, त्याचा प्रादेशिक सेनेशी संबंध नाही. एनसीसीकडे अर्ज भरला म्हणजे झालं, असं समजून कुणी इथला फॉर्म सोडू नये.

आणि दलाल. जवान भरतीच्या मेळाव्याबाहेर फिरणारी माणसं आता ‘अधिकारी कोट्या’चीही भाषा करतात. असा कोटा अस्तित्वात नाही. जाहिरात रोजगार समाचारात आणि प्रादेशिक सेनेच्या अधिकृत संकेतस्थळावर येते, शुल्क ऑनलाइन भरायचं, बाकी एक रुपया कुणाला द्यायचा नाही. शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रही आहे, तिथं एसएसबीची तयारी राहण्या-जेवण्यासह मोफत करून घेतात. प्रवेश मात्र त्यांच्या जाहिरातीत दिलेल्या योजनांतल्या उमेदवारांनाच असतो. सीडीएसची लेखी पास होण्याच्या वयात असाल तर दोन्ही परीक्षा द्या, म्हणजे त्या केंद्राचा दरवाजा तुमच्यासाठी उघडतो आणि तिथली तयारी इथंही कामी येते.